माझ्या अंगणातला पूल पोलंडात

...आन् वर मलाच इचारतो! तुमाला सांगतो, मलाच! गाडीची काच चार बोटं खाली घेतली, गॉगल कपाळावर सारला आन् म्हणतो, "काका, तुम्ही असं रस्त्याच्या मधोमध घर का बांधलंय?" आता ह्याला काय बोलावं? माझ्या आज्यानं बांधलेलं घर, शेजारी गोठा, मधी अंगण, अंगणात दावणीला गाय, आन् ह्याची ही एवढी गाडी गव्हाणीत तोंड घालून उभी, जशी काय पेंड खायलाच आलीय, आन् रस्त्यात कोण तर म्हणं मी! म्हणलं, "पावणं, हे अंगण हाय. पुढं रस्ता न्हाई." तर फोन माझ्या नाकाला लावला, "हे काय, आहे की!" म्हणलं, फोनात असंल, जमिनीवर न्हाई. तर बायकोकडं बगून म्हणतो, "गावातल्या लोकांना नेटचं कळत नाही." अरं, नेटचं न्हाई कळत, पर कॅनॉल तर कळतो! मोर डोळ्यांनी दिसतोय, पाणी वाहतंय, त्याचा आवाज येतोय, आन् फोनातली बाई म्हणती, "सरळ जा." सरळ जा! कुटं? पाण्यात?

बसा, बाजेवर बसा, बिनघोर बसा. पहिल्यापासनं सांगतो.

आमी निरगुडसरचे, पर गावात न्हाई, मळ्यात. मी हौशीराम, मंडळींचं नाव साळुबाई, पोरं पुण्याला कामाला, हितं आमी दोघं, दोन गाया, टोमॅटो, कांदा, बास. कॅनॉलच्या कडंनं जो मुरमाचा रस्ता येतो का न्हाई, ज्यावरनं आत्ता तुमी हिंदकळत आला, तो आमच्या अंगणात येतो आन् संपतो. संपतो म्हंजी पार संपतो. मोर तीस फूट कॅनॉल, आन् कॅनॉलच्या पल्याड डांबरी सडक. ती सडक हितनं दिसती, राव, तिच्यावरच्या गाड्यांचा हॉर्न ऐकू येतो, पर गाडीनं तिथं जायचं तर तीन मैल माघारी जायचं, मोरीवरनं कॅनॉल ओलांडायचा आन् तीन मैल परत यायचं. आमचा जल्म गेला त्यात, तक्रार न्हाई. पर दोन वर्षामागं काय झालं, का फोनातल्या नकाशानं ठरवलं, हौशीरामच्या अंगणातनं कॅनॉलवर पूल हाय. कुणाला इचारलं? मला न्हाई. साळूला न्हाई. गाईला तर न्हाईच न्हाई!

आन् मंग जी माणसं यायला लागली, काय सांगू तुमाला... रांजणगावचा गणपती करून ओझरला निघालेले आमच्या दारात. टोमॅटो घेऊन नारायणगावच्या मार्केटला निघालेला पिकप आमच्या दारात. माझेच टोमॅटो तोडून क्रेटात भरलेत आन् दुसऱ्याचे टोमॅटो येऊन माझ्या अंगणात उभे! एक दिवस तर नवरदेवाची गाडी आली, मागं पोरांनी भरलेली बस, बसमधी बँडवाले, आन् गाडी थांबली म्हणल्यावर त्यांना वाटलं, आला मांडव, ते उतरले आन् लागले वाजवायला. गाय दावं तोडून कांद्यात. साळू त्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार म्हणून नवं लुगडं नेसलेली, ती भाईर आली बगायला, तर नवरदेवाच्या आत्यानं तिला खाली वाकून नमस्कार केला आन् म्हणती, "तुम्ही मुलीच्या कोण?" मी मधी पडून वरडतोय, "पुढं रस्ता न्हाई! अवो पुढं रस्ता न्हाई!" तर बँडवाल्याला वाटलं मी गाण्याची फर्माईश करतोय. त्यानं आवाज वाढवला!

दिवसाला चाळीस गाड्या. चाळीस! मी काय करावं? खुरपं हातात घेतलं का हॉर्न. जेवायला बसलो का हॉर्न. दुपारी जरा डोळा लागला तरी माझं आपलं चालूच, "पुढं रस्ता न्हाई, पुढं रस्ता न्हाई," साळू म्हणायची, अवो कुणी आलेलं न्हाई, निजा.

मंग मी बोर्ड केला. पत्र्याचा, तीन बाय चार, पांढरा रंग देऊन लाल अक्षरात, आन् लिवताना शुद्धच लिवलं, पुण्याच्या माणसाला कळावं म्हणून, "पुढे रस्ता नाही." लावला कॅनॉलच्या वळणावर. काय फरक पडला? कायबी न्हाई! लोक बोर्ड वाचायचे आन् माझ्या दारात येऊन मलाच इचारायचे, "काका, तिकडं रस्ता नाही असा बोर्ड आहे, खरं आहे का हो?" एक जण म्हणला, "बोर्ड जुना असेल, फोनमधलं आजचं असतं." अरं माझ्या बोर्डाचा रंग वला हाय अजून! तुझ्या बाहीला लागलाय बग!

इथवर हसायला बरं व्हतं. मी बी हसायचो कधी कधी, खोटं कशाला बोला. पर माघातली गोष्ट. सकाळचे अकरा वाजलेले, कॅनॉलला पाणी सुटलेलं, काठोकाठ. आन् एक गाडी आली ती धुरळा उडवतच आली, मी नेहमीसारखा हात वर करून आडवा झालो, "पुढं..." म्हणतोय तवर ती गाडी मला चुकवायला वळली आन् मागचं चाक गेलं माझ्या पाटात. रात... न्हाई, पहाटंच पाणी दिलेलं, चिखल नुसता. चाक फिरतंय, गाडी खाली खाली चाललीय. आतनं एक पोरगा उतरला, उमर त्याचं नाव, जुन्नरला भांड्याचं दुकान हाय त्यांचं, तोंड पांढरंफटक. म्हणतो, "चाचा, पूल किधर है? पूल कुटं हाय?" म्हणलं, "पूल न्हाई बाबा हितं." त्यो माझ्याकडं बगतच राहिला. असं बगणं मी कुणाच्या डोळ्यात पाहिलं न्हाई, राव. आन् मागल्या सीटवरनं कण्हण्याचा आवाज.

त्याची बायको, सानिया. दिवस भरलेले. माहेराहून, शिरूरकडून, नारायणगावच्या दवाखान्यात चाललेली, तिथं नाव घातलेलं. वाटंतच कळा लागल्या. बरोबर उमरची आई, खातूनबी. ती खाली उतरली आन् साळूचे दोन्ही हात धरले तिनं, म्हणली, "भाभी, पहिली खेप हाय पोरीची. पोर आडवं हाय म्हणलेत डाक्टर. हितं न्हाई व्हायचं. आपरेशनच्या टेबलावरच घ्यावं लागंल."

आता काय करता? गाडी चिखलात. ट्रॅक्टर आणून काढायची, सहा मैलाचा वळसा घालायचा, तवर पोरीचं काय व्हावं? आन् मोर ती डांबरी दिसतीय! तीस फुटावर! मला इतका राग आला, कुणाचा ते बी कळंना.

मंग साळू बोलली. माझ्यापेक्षा कमी बोलती, पर बोलली का कामाचं बोलती. आमच्याकडं कॅनॉलवरनं पाणी उपसायच्या लिफ्टचा पाईप गेलाय, बगा तो, मोठा. त्याला लागून लोखंडी फळी हाय, दोन फूट रुंद, पाईपवाल्यांना चालायला, आन् एका अंगाला कठडा. त्या कठड्यावर साळू गोधड्या वाळत घालती. साळू म्हणली, "गेणभावजींना फोन लावा, म्हणावं जीप घेऊन डांबरीला या. पोरीला फळीवरनं नेऊ." मी म्हणलं, "याड लागलं का? खाली पाणी बग!" तर गाडीतनं ती सानिया म्हणाली. दातावर दात दाबून म्हणाली, "चालते मी चाचा. तुमी फक्त त्या गोधड्या काढा."

काढल्या. गेणभाऊला फोन लावला, त्याचं घर कॅनॉलच्या पल्याड. त्यो म्हणला आलो, आन् खरंच चप्पल न घालता आला. साळू मोर, तोंड पोरीकडं करून, उलटी चालत, तिचे दोन्ही हात धरून. मागं खातूनबी, कमरंला धरून. मागं उमर. खाली पाणी नुसतं गरगरतंय. मी अल्याड उभा. फळीवर चारच्या वर माणूस नको म्हणून मला सोडलं हितं. दहा पावलं गेली आन् कळ आली, थांबली पोरगी. साळू म्हणती, "माझ्याकडं बग. पाण्याकडं न्हाई, माझ्याकडं. तुझं नाव काय? बोल. आईचं नाव काय? बोल." एक एक सवाल, एक एक पाऊल. तीस फूट, राव... मला तीस मैल वाटले. पलीकडं गेणभाऊनं पोरीला उचललंच, जीपमधी घातलं, आन् गेली जीप.

साळू त्या फळीवरनं माघारी आली आन् गोधड्यांच्या ढिगावर बसली. मी पाणी दिलं, घेतलं न्हाई. दीड वाजता उमरचा फोन आला. मुलगी झाली, दोघी नीट हायेत. अजून पाव तास लागला असता तर डाक्टरांनी बी हात टेकले असते, असं म्हणला आन् रडायला लागला. साळू बी रडली. मी बाजूला गेलो. आन् त्या चिखलातल्या गाडीत उमरचा दुसरा फोन राहिलेला, त्यातनं ती बाई अजून बोलतीय, शांतपणी, "सरळ जा. पुलावरून पुढे जा."

त्या दिवशी मी ठरवलं. म्हणलं, हा पूल मी पाडनार. नसलेला पूल हाय, तरी पाडनार. जे व्हईल ते व्हवो!

पर नसलेला पूल पाडायचा कसा, सांगा की? असलेला असता तर जेसीबी बोलवला असता! उमर चार दिवसांनी गाडी न्यायला आला, पेढे घेऊन, आन् म्हणला, "चाचा, मी बी तुमच्याबरोबर." त्यानं फोनातनं कंपनीला कळवलं. कंपनीचं नाव घेत न्हाई, सगळ्या जगात हाय ती, तुमच्या खिशात बी हाय. कळवलं, का हितं पूल न्हाई. दोन दिवसांनी जवाब, "धन्यवाद! तुमची सूचना स्वीकारता आली नाही." परत कळवलं. "धन्यवाद!" सात डाव कळवलं, सात डाव धन्यवाद! इतकं गोड न्हाई म्हणणारं माणूस मी पाहिलं न्हाई. सोयरीक मोडणारी लोकं बी एवढं गोड बोलत न्हाईत.

मंग गेलो घोडेगावला, तहसीलला. तिथल्या बाईंनी गट नंबर इचारला, सरकारी नकाशा काढला, चष्मा लावून बगितला, म्हणल्या, "बाबा, आमच्या नकाशात इथं पूल नाहीच. मग तक्रार कशाची?" म्हणलं, तक्रार न्हाई ताई, मला तेच पायजेल. पूल न्हाई, असं लिवून द्या. त्या हसल्या. म्हणल्या, पूल बांधून द्या म्हणून लोक येतात, पूल नाही म्हणून दाखला मागणारे तुम्ही पहिले. पर दिला! शिक्का, सही, जावक नंबर सगळं. हा बगा, लॅमिनेशन केलंय.

दाखला घेतला, बोर्ड उपटला, खांद्यावर टाकला, आन् मी नि उमर निघालो पुण्याला. कारण उमरनं शोधून काढलं, का कंपनी अमेरिकेची, पर तिचं सॉफ्टवेअरचं सेंटर खराडीत हाय. मंचरला यष्टी, कंडक्टर म्हणला बोर्डाचं हाफ तिकीट पडंल, त्याच्याशी भांडलो, मंग पीएमटी, आन् पोचलो. काय बिल्डिंग, राव! सगळी काचंची. आपलाच चेहरा आपल्याला दिसतोय, बारा मजले. गेटवर वॉचमन, "अपॉइंटमेंट हाय का?" म्हणलं न्हाई. "कुणाला भेटायचंय?" म्हणलं, ज्यानं माझ्या अंगणात पूल बांधला त्याला. त्यो उमरकडं बगतोय, काकांना बरं न्हाई का म्हणून. म्हणला, ईमेल करा. म्हणलं, सात डाव केलं. मी हितं बसतो.

आन् बसलो. गेटच्या समोर, फुटपाथवर, बोर्ड गुडघ्याला टेकवून. मला काय ठाऊक, त्याचा काय परिणाम व्हईल! सकाळची वेळ, कामावरची पोरं-पोरी चाललीत आत, गळ्यात पट्टे, पाठीवर पिशव्या, आन् गेटवर एक म्हातारा बसलाय, पांढरी टोपी, आन् मोर पाटी, लाल अक्षरात, "पुढे रस्ता नाही"! पोरं जागच्या जागी उभी राहायला लागली. एक पोरगी वाचती आन् शेजारच्याला इचारती, "म्हणजे आज नाव येणार का लिस्टमध्ये?" एक जण पाटीचा फोटो काढून पाठवतोय. एक पोरगा, चांगला दाढीवाला, माझ्यापाशी बसला आन् हळूच म्हणला, "काका, तुम्हाला आतलं काही कळलंय का?" म्हणलं, आतलं कुटलं बाबा, मी भाईरचंच सांगतोय. पुढं रस्ता न्हाई. त्याच्या डोळ्यात पाणीच आलं! मला नंतर उमरनं सांगितलं, त्यांच्यात माणसं कमी करायचं चाललेलं. मला काय म्हाईत! मी उठून सांगायला लागलो, "अरं तुमचा न्हाई, माझा, माझा रस्ता न्हाई!" तर ते म्हणतात, "काकांना पण काढलं?"

एक दिवस गेला. उमरच्या आत्याकडं वस्तीला जायचं, सकाळी परत गेटवर. दुसरा दिवस गेला. वॉचमन म्हणतो, "काका, पाया पडतो, पाटी तरी उलटी करा." म्हणलं, पूल काढा, करतो. तिसऱ्या दिवशी बारा वाजता एक पोरगी पळतच खाली आली. पुण्याच्या भाषेत सुरू केलं, "काका, मी तेजस्विनी, मी इथं इंजिनिअर आहे, वर सगळे खूप डिस्टर्ब झालेत, तुमचा नक्की इश्यू काय आहे?" मी सगळं सांगितलं. पाईप, फळी, पाणी, सानिया, उलटी चालणारी साळू. सांगता सांगता तिचा चेहरा बदलला. म्हणली, "बाबा, तुमी निरगुडसरचे? मी ओतूरची." म्हणलं, मंग मघापासनं अशी का बोलतीस? हसली. म्हणली, चला वर.

मी नि उमर वर गेलो. थंडगार. माझ्या सदऱ्याला चिकटपट्टी लावली, त्यावर लिवलंय "पाहुणा" इंग्रजीत. तेजस्विनी म्हणली, "बाबा, खरं सांगू का, तुमचा पूल आमच्याकडं न्हाई. पुण्यात आमी फक्त निळा बाण बगतो. गाडी वळली का बाण कसा वळला पायजेल, तेवढंच." म्हणलं, किती माणसं हायेत हितं? "बाराशे." बाराशे माणसं बाण वळवतात! "मंग ती बोलणारी बाई?" "ती हैदराबादला." "घरांचे नंबर?" "आयर्लंडला." "आन् पूल?" म्हणली, "पूल पोलंडला." आता घ्या! अंगण निरगुडसरला, कॅनॉल निरगुडसरला, आन् पूल पोलंडला! म्हणलं, "आगं पर मालक तर अमेरिकेत ना?" म्हणली, "हो, म्हणून तर. त्यांच्या हिशोबानं पोलंड बी परदेश आन् पुणं बी परदेश. आमी सगळी परदेशी सेंटरं." म्हणजी मंचरहून यष्टीनं मी परदेशात आलो, हाफ तिकिटाचा बोर्ड घेऊन!

म्हणलं, लाव फोन पोलंडला. ती म्हणली, असं लगेच लागत न्हाई, तिकीट काढावं लागतं. म्हणलं, काढ, मी बसतो. आन् बसलो. तिथं एक मोठी गोणी व्हती, मऊ, रंगीत, तिच्यावर लोक बसतात. म्हणलं, "फोन लागल्याबिगर मी हितनं उठणार न्हाई!" आन् खरं सांगतो तुमाला, उठता बी येत न्हव्हतं. बुडच गेलं आत! तेजस्विनीला वाटलं, म्हातारा लई हट्टी हाय. दोन वाजता लावला फोन.

भिंतीवर आली बाई, हीऽ एवढी. सोनेरी केस, चष्मा. मार्ता. पोलंडची पूलवाली. तेजस्विनी मधी, इकडचं तिकडं करायला. मार्ता म्हणली, आमच्या यंत्राला वरनं फोटोत पूल दिसतो. फोटो लावला. आमचं घर, आमचा गोठा, आकाशातनं! आन् कॅनॉलवर आडवा पट्टा, लाल, पिवळा, हिरवा. मार्ता इचारती, "हा रंगीत पूल काय आहे? तुमच्याकडं पूल रंगवतात का?" मी म्हणलं, "पूल न्हाई बाई, साळूच्या गोधड्या हायेत!" तेजस्विनी मटकन खाली बसली. तिला गोधडीला इंग्रजी शब्द सापडंना. शेवटी उमरनं सांगितलं.

तरी ती मार्ता ऐकंना. हट्टी, पर माझ्यासारखी, सरळ. म्हणली, फोटो चुकंल, पर आकडे कसे चुकतील? रोज चाळीस गाड्या तुमच्या पुलाकडं जातात. एवढी माणसं जातात म्हणजी रस्ता असलाच पायजेल. म्हणलं, "अगं तू पाठवतीस म्हणून जातात!" म्हणती, "जातात म्हणून मी पाठवते." आता आली का पंचाईत! मला आठवला माझा गोठा. म्हणलं, "तेजस्विनी, त्या बाईला इचार, सांच्याला माझ्या गोठ्यात गाया आत जातात, म्हणून गोठ्याला पाठीमागनं दार हाय का? आत किती गेल्या ते मोजलंस. पलीकडनं भाईर किती निघाल्या, ते मोजलं का?"

तेजस्विनीनं सांगितलं. मार्तानं ऐकून घेतलं. चष्मा काढला. लागली बटणं दाबायला. आमी बगतोय. दोन मिनिटं, चार मिनिटं... मंग म्हणली, "शून्य." दोन वर्षात हजारो गाड्या गेल्या, पल्याड एक न्हाई निघाली. मी दाखला धरला कॅमेऱ्यापुढं, शिक्क्यासकट. तिनं इचारलं, हे काय? तेजस्विनी म्हणली, पूल नसल्याचं सरकारी पत्र. मार्ता म्हणली, असलं पत्र आमच्या देशात बी मिळत न्हाई! आन् मंग मी तिला सानियाचं सांगितलं. फळीचं. मार्ताला दोन लेकरं हायेत म्हणं. ती म्हणली, "मी स्वतः काढते. आजच सुरू करते." आन् जाता जाता एकच इचारलं, "पण एक कळत नाही. प्रत्येक गाडी तिथं वीस-वीस मिनिटं थांबून मग माघारी जाते. काय करतात लोक तिथं?"

आता काय करतात? माणूस दारात आलंय, वाट चुकलंय, उन्हातनं आलंय. साळू तसंच जाऊ दील का? म्हणलं, "चहा पितात, बाई. दुसरं काय?"

सतरा दिवस लागले. म्हणं सगळ्या देशातल्या सेंटरांनी मान हलवावी लागती. अठराव्या दिवशी उमरनं फोन दाखवला, कॅनॉलवर नुसतं निळं पाणी. पूल गेला! मी टोपी उडवली, राव! उमर म्हणला, "चाचा, पाडलात!" मी मोरीपर्यंत गेलो, एक गाडी आली, माझ्या डोळ्यांदेखत मोरी ओलांडून निघून गेली. मी त्या गाडीला नमस्कार केला. आतले लोक बगत बसले.

मंग शांतता. एक दिवस, दोन दिवस. गाय रवंथ करतीय तो बी आवाज यायचा. मी पोटभर जेवलो, दुपारी निजलो. साळू मातर बेचैन. उगं दारात यायची, वळणाकडं बगायची. म्हणली, "शेजारणी न्हाईत मळ्यात, पोरं दिवाळीला येतात. दोन वर्षं माणूस व्हतं दारात."

आठ दिवस गेले आन् नवव्या दिवशी हॉर्न! मी ताटावरनं उठून पळालो, "पुढं रस्ता न्हाई! अवो, पुढं रस्ता..." गाडीतला पोरगा म्हणतो, "रस्ता नकोय काका. दोन चहा." दोन चहा? फोन दाखवला त्यानं. आमच्या घरावर एवढासा कप काढलाय, वाफेचा, आन् खाली लिवलंय, "साळुबाईचा चहा"! मी लावला तेजस्विनीला फोन, तिनं लावला मार्ताला. मार्ता म्हणती, मी न्हाई केलं, यंत्रानंच केलं! त्याला कळलं, का हितं रस्ता न्हाई, तरी रोज चाळीस गाड्या यायच्या, वीस मिनिटं थांबायच्या, माघारी जायच्या, मंग हे काय असंल? हाटेल! नाव लोकांनीच लिवून दिलेलं, शेकड्यानं. म्हणलं, काढ ते. ती म्हणली, रस्ते-पूल माझ्याकडं. हाटेलं माझ्याकडं न्हाईत. म्हणलं, कुणाकडं? म्हणली, फिलिपाईन्सला.

मी म्हणलं साळूला, शोधतो फिलिपाईन्स, एकदा ठरवलं का ठरवलं. तर ती आधण ठेवत व्हती. म्हणली, "बसा गप. आलं किसून द्या."

आता काय, किसतो. रोजचं हाय. साडेचार तारे दिलेत लोकांनी, पाचातले. मी उमरला इचारलं, अर्धा कुणी कापला रं? त्यानं वाचून दाखवलं. एका बाईनं लिवलंय, "चहा उत्तम, मावशी खूप प्रेमळ. पण काका एकदा बोलायला लागले की थांबत नाहीत, चहा गार होतो."

...द्या इकडं ते कप. गरम करून आणतो.